राहून गेलेला अध्यक्षीय समारोप

गेल्या वर्षीच्या नवरात्रात आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ‘मातृशक्ती आणि कुटुंब’ या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते बाहेरगावचे, वाणी ओघवती, पाठांतर दांडगे. अध्यक्षस्थानी मी होतो. हायस्कूलचा मुख्याध्यापक हा निपाणीकडच्या आमच्या भागात हुकमी अध्यक्ष असतो. शाल, श्रीफळ आणि आभाराआधीची दहा मिनिटे एवढा त्याचा वाटा. तेवढ्यासाठी त्याने सव्वा तास खुर्चीत ताठ बसायचे.

व्याख्यान रंगात आले आणि वक्ते म्हणाले, “आपल्या आज्या पहाटे चारला उठून पायली-पायली दळत होत्या, विहिरीचे पाणी ओढत होत्या, आठ-आठ मुले वाढवत होत्या, पण त्या कधी थकल्या नाहीत! आज घरात गॅस आहे, मिक्सर आहे, दारात नळ आहे, आणि घरी बसणाऱ्या आईला म्हणे ‘स्वतःसाठी वेळ’ पाहिजे! हा ‘स्वतः’ आला कुठून? आपल्या धर्मात आईला ‘स्वतः’ नसतो. म्हणून तर ती देवता!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. समारोपात मी ‘मौलिक विचार’, ‘अंतर्मुख करणारे चिंतन’ वगैरे शब्द वापरून श्रीफळ दिले.

रात्रीचे जेवण आमच्याकडे होते. गरम भाकरी करता याव्यात म्हणून माझी पत्नी टाळ्या संपता संपता सभागृहातून उठून घरी गेली होती. पाहुणे जेवले, कार्यवाह जेवले, मी जेवलो. मागच्या पंगतीला पाहुण्यांच्या गाडीचा चालक जेवला. तो कानडी. हात धुऊन निघताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, “अक्कार, निम्म ऊटा आतेन्री?” ताई, तुमचं जेवण झालं का? घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. त्या रात्री त्या घरात हा प्रश्न तिला विचारणारा तो एकटाच माणूस होता.

भांडी आवरताना पत्नी एवढेच म्हणाली, “टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.”

वाचकहो, ते वाक्य वर्षभर माझ्या मागे आहे. त्या रात्री मी जो समारोप करायला हवा होता तो आज करतो आहे. सभागृहात उशीर झाला. संपादकांच्या कृपेने छापील पानावर तरी होऊ दे.

त्या थकत नव्हत्या?

पहिला मुद्दा आज्यांचा. त्या कधी थकल्या नाहीत, असे वक्त्यांना कोणी सांगितले? आज्यांनी तर सांगितलेले नाही. माणसांना सांगण्याची सोय नव्हती म्हणून त्यांनी जे सांगायचे ते जात्याला सांगितले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे, लेकराचे कौतुक आहे, आणि जागोजागी थकवाही आहे. दुखणारे खांदे आहेत, न संपणारे दळण आहे, सासरचा जाच आहे. लाखभर ओव्या रचून ज्या बायांनी आपला शीण गाऊन ठेवला, त्यांच्याविषयी ‘कधी थकल्या नाहीत’ म्हणायचे याचा अर्थ त्या गात असताना आपण झोपलो होतो, एवढाच होतो.

माझ्या वडिलांच्या आईला अकरा बाळंतपणे झाली. पाच मुले जगली. ती स्वतः बेचाळिसाव्या वर्षी गेली. मी तिला पाहिलेले नाही, तिचा फोटोही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातले सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. ज्या आज्या ऐंशी वर्षे जगल्या त्यांना आपण पाहिले आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडला. ज्या थकून गेल्या त्या आपल्या बालपणापर्यंत पोहोचल्याच नाहीत. जिवंत राहिलेल्यांची साक्ष काढून गेलेल्यांचे दुःख खोटे ठरवणे ही कसली संस्कृती?

‘काही करत नाही, घरीच असते’

दुसरा मुद्दा ‘घरी बसणाऱ्या’ आईचा. आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना आहे. दर जूनमध्ये मी ते अर्ज चाळतो. निम्म्याहून अधिक रकान्यांत ‘काही नाही’ असे लिहिलेले असते. काही अर्जांत नुसती आडवी रेघ असते. एकदा एका मुलाला बोलावून विचारले, “आई दिवसभर काय करते रे?” तो म्हणाला, “काय न्हाई सर, घरातच असते. विड्या वळते.” आमच्या भागात घरकाम उरकून दिवसाकाठी हजार विड्या वळणारी बाई ‘काही नाही’ या रकान्यात बसते. मग जी नुसतेच घर सांभाळते, तिला कोण विचारतो?

हा दोष एकट्या त्या पोराचा नाही. आपल्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या स्त्रीला ‘काम न करणारी’ धरून भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवले होते. २०१० साली एका अपघात-भरपाईच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याआधी २००१ सालचा एक निकाल आहे. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक माणसे गेली. त्यांत गृहिणी होत्या. त्यांच्या कामाचे मोल काय धरायचे, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, तेव्हा चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. न्यायालयाने निदान काही मोल धरले, याबद्दल आभारच मानले पाहिजेत. पण यातली खोच पाहा. आपल्याकडे गृहिणीच्या कामाचा हिशेब होतो तो ती मेल्यावर. जिवंतपणी तिच्या कामाला ‘ममता’ म्हणतात आणि ममतेची पावती फाडायची नसते.

सरकारने २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची मोजणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले, स्त्रिया एक्याऐंशी. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत तिच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली आणि त्याच्या वाट्याचीही जवळजवळ तेवढीच. मिक्सर आणि नळ आले ते त्या दहा मिनिटांत कोणी पाहून घ्यावेत. मुलांचे, आजाऱ्यांचे, म्हाताऱ्यांचे करण्यात जाणारा वेळ वेगळा मोजला आहे. तो या आकड्यांत नाही.

माझा अधिकार

हे सगळे सांगायचा मला अधिकार काय? काहीच नाही, आणि ते आधी कबूल केलेले बरे.

२०१७ साली गौरीपूजनाच्या दिवशी माझी पत्नी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. पुरणाचा गोळा हातात होता. घरात चौदा माणसे होती, आणि ती पडल्याचे कळले ते पुरण करपल्याच्या वासाने. दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी मला विचारले, “रक्तस्राव किती दिवसांपासून होतोय?” मला उत्तर देता आले नाही. शाळेतल्या चारशे मुलांपैकी कोणाची हजेरी किती टक्के आहे हे मी तोंडपाठ सांगतो. माझ्या घरातले माणूस दोन वर्षे आतून रिकामे होत होते आणि मला पत्ता नव्हता. तिने सांगितले का नाही? आधी मुलीची बारावी होती, मग मुलाची दहावी, मग माझ्या आईचे दुखणे. “एवढं झालं की बघू,” असे तिने स्वतःला दोन वर्षे समजावले. तिला दुसरे कोणी विचारलेच नव्हते, म्हणून स्वतःची समजूत तिलाच घालावी लागली.

त्याच आठवड्यात शिक्षक दिनाच्या भाषणात मी ‘आई हीच पहिली शाळा’ या विषयावर अर्धा तास बोललो होतो.

आपल्या भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे. तो आपण कौतुकाने वापरतो. “अहो, तिने एवढा ताप अंगावर काढला, पण घरात कळू दिले नाही!” कळू दिले नाही यात शौर्य कसले? ज्या घरात दुखणे लपवावे लागते त्या घराची ती नाचक्की आहे. आणि ही एकट्या माझ्या घराची कथा नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. पुरुषांत शंभरात पंचवीस. कारणे अनेक आहेत. पाळीतला रक्तस्राव आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत, जंत आहेत. पण शेवटी जेवायला बसून उरलेला भात आणि तळाचे वरण खाणे, पालेभाजी मुलांना वाढून आपण लोणच्यावर भागवणे, आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा आणि चहा यांवर काढणे, हेही त्यातच आहे. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी कमी लागते, हे विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगतात. घरी आईला कोण सांगणार?

श्रद्धेचे काय केले?

आता वक्त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. आपल्या धर्मात आईला ‘स्वतः’ नसतो, असे ते म्हणाले. मला हा धर्म कुठे सापडत नाही. मी वारकरी घरातला आहे. माझ्या आईचा देव जनाबाईचा देव होता, आणि जनाबाईचा देव तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, तिच्या शेण्या गोळा करू लागतो, तिची वेणीफणी करतो. ही परंपरेची साक्ष आहे. नाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. सीमेच्या या बाजूला आमचे लिंगायत शेजारी आहेत. त्यांच्या शरणांनी बाराव्या शतकात कायक, म्हणजे अंगमेहनतीचे काम, हीच पूजा मानली. दोन्हीकडचा देव कामाला कमीपणा मानत नाही. मग भजनात जनीच्या देवाचे दळण मान डोलावून ऐकणारे आम्ही घरी आल्यावर स्वतःचे ताट का उचलत नाही? विठ्ठलाला जे जमले ते मुख्याध्यापकाला जमू नये?

आणि परंपरेतल्या बाईला ‘स्वतः’ होता. त्याच्या जागा ठरलेल्या होत्या. श्रावणात मंगळागौरीची एक रात्र होती. त्या रात्री झिम्मा होता, फुगड्या होत्या, मोठमोठ्याने हसणे होते, आणि स्वयंपाकघराला सुट्टी होती. पंचमीला माहेर होते. पहिल्या बाळंतपणाला माहेर होते आणि त्यानंतर सव्वा महिना तेलमालीश, शेक-शेगडी, डिंकाचा लाडू होता. एकादशीला दुपारी भजन होते. माझी आई दर एकादशीला तीन ते पाच विठ्ठलमंदिरात असे. त्या दोन तासांत घरात आग लागली असती तरी ती उठली नसती. तिचा आवाज बरा नव्हता, टाळ चुकायचे. पण परत यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. ते दोन तास देवाचे होते हे खरेच. ते तिचेही होते, हे मला आता कळते.

जुने सगळे सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. महिन्याचे चार दिवस ‘बाहेर’ बसवण्यात अपमान होता. तो गेला, फार बरे झाले. पण अपमानाबरोबर त्या चार दिवसांची विश्रांतीही आपण काढून घेतली, आणि तिच्या बदल्यात दुसरी दिली नाही.

माझी तक्रार हीच आहे. परंपरेने बाईला कष्ट दिले आणि विसावेही दिले. आपण विसावे एकेक करून रद्द केले आणि कष्ट मात्र ‘संस्कृती’ म्हणून राखून ठेवले. मंगळागौर आता हॉलमध्ये व्हिडिओसाठी होते. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा डबा चुकत नाही. माहेर फोनवर आले. भजनाच्या वेळी मुलांच्या शिकवण्या आल्या. उपास तेवढे शिल्लक आहेत. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्रीचे नऊ दिवस. तिच्या उपासाच्या दिवशीही इतरांसाठी दोन्ही वेळचा स्वयंपाक तीच करते. जो सण तिचा आहे त्या सणाला ती सर्वांत जास्त दमते.

माझे एक विज्ञान शिक्षक मित्र म्हणतात, “सर, ही सगळी व्रतवैकल्येच बंद करा. प्रश्न मिटेल.” त्यांच्याशीही माझे भांडण आहे. बाईची श्रद्धा हिरावून घेतल्याने तिला झोप मिळत नाही. उलट घराबाहेर पडायचे तिच्याकडे असलेले एकुलते एक कारण जाते. कर्नाटकात २०२३ च्या जूनमध्ये बायकांना सरकारी गाडीचा प्रवास मोफत झाला तेव्हा आमच्या बसस्थानकावर काय चेष्टा चालली होती! “बायका फुकट फिरायला लागल्या, यल्लम्माला झुंबड उडाली.” हो, उडाली. सौंदत्तीची यल्लम्मा डोंगरावर आहे, तिथे वारा आहे, झाडाखाली बसून बरोबरीच्या चार जणींशी बोलता येते, आणि भाकरी बांधून नेली की दिवसभर चूल नाही. पुरुष सहलीला जातो तेव्हा त्याला देवाचे निमित्त लागत नाही. तिला लागते. ते निमित्त काढून घेण्याआधी तिला बिननिमित्ताने बाहेर पडू द्या, मग श्रद्धेवर व्याख्यान द्या.

दयेचा हिशेब

आई दयाळू असते, असे निबंधात मुले लिहितात. दारातल्या मांजरापासून शेजारच्या म्हातारीपर्यंत सर्वांवर तिची दया असते. ती एकाच माणसावर नसते. मी पालकसभेला आलेल्या आयांना एकदा विचारले, “घरी आलेल्या पाहुणीला तुम्ही शिळी भाकरी वाढाल का? तिला ताप असताना धुणं धुवायला लावाल का?” सगळ्या हसल्या. “मग तुम्ही स्वतःला रोज ते का करता?” हसू थांबले. दया जर धर्म असेल तर त्यातून एक माणूस वगळायची मुभा कोणत्या शास्त्राने दिली?

स्वतःची काळजी म्हटले की हल्ली बाजार धावून येतो. आठ मार्चला साडीवर सूट, चेहऱ्याचे मलम, ‘तुझ्यासाठी’ म्हणून नवा मिक्सर. मिक्सर तिच्यासाठी कसा? त्यातली चटणी सगळे खातात! मी म्हणतो ती काळजी फार साधी आहे, आणि ती दुकानात मिळत नाही. एक उदाहरण सांगतो.

दहावीच्या एका मुलाची आई प्रगतिपुस्तकावर सही करायला यायची. शिकलेली होती, सातवी पास. पण कागद हातात दिला की म्हणायची, “तुम्हीच वाचा सर, मी घाईत हाय.” सही रेघेच्या खाली भलतीकडे जायची. मला वाटायचे, बाईचे मुलाकडे लक्ष नाही. कर्नाटक सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये घरच्या कर्त्या बाईला महिना २,००० रुपये देणारी गृहलक्ष्मी योजना सुरू केली. पलीकडे महाराष्ट्राने २०२४ साली लाडकी बहीण सुरू केली. दोन्हींवर पारावर बसून विनोद करणारे पुरुष दोन्ही राज्यांत सापडतात. या बाईचे पहिले तीन हप्ते मुलाच्या शिकवणीत आणि सिलिंडरमध्ये गेले. चौथ्या हप्त्यात तिने चष्मा केला. पुढच्या वेळी आली तेव्हा खुर्चीत बसून तिने सगळे प्रगतिपुस्तक वाचले, मग माझ्या दारावरची मराठी पाटी वाचली, कानडी पाटी वाचली, आणि म्हणाली, “सर, चार वर्सं झाली, शिवलीलामृताचा अकरावा अध्याय सोडला हुता. वेळ न्हाई म्हनत हुते. वेळ न्हवता असं न्हाई वो, दिसत न्हवतं बगा.”

चार वर्षे एका बाईची पोथी बंद राहिली ती साध्या चष्म्यावाचून. आणि घरात नवऱ्याच्या हातात नवा फोन होता, मुलाच्या पायात नवे बूट होते. तिची श्रद्धा कमी झाली, असे घरचे म्हणत होते. मुलाकडे लक्ष नाही, असे मी म्हणत होतो. डोळे तपासू या, असे कोणीच म्हटले नाही. दयेची एवढीच गोष्ट होती.

मातृभाषा आणि माता

सीमाभागातल्या वाचकांपुढे आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण मातृभाषेसाठी झगडतो आहोत. मोर्चे, काळा दिन, ठराव, परिषदा हे सगळे पाहत मी मोठा झालो, त्यांत चाललोही. पण ही मातृभाषा प्रत्यक्षात कोणी टिकवली? बाहेर बाजार कानडी, कचेरी कानडी, मोठ्या शाळा इंग्रजी. पोराच्या कानावर दिवसभर मराठी पडते ती स्वयंपाकघरातून. म्हणी, शिव्या, अंगाई, रागावणे, लाड हे सगळे तिच्याकडून येते. तीच आई बँकेत गेली की कानडी बोलते, दवाखान्यात गेली की जमेल तशी हिंदी. दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभे राहून तिने घरातली मराठी राखली, आणि शेजारणीशी गोड कानडीही राखली. तिच्याशी आपण किती मराठी बोलतो? “चहा टाक”, “सॉक्स कुठे आहेत”, “आज भाजी काय”. मातृभाषेच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्यांनी घरी गेल्यावर त्या मातेशी दहा वाक्ये तरी धड बोलावीत.

समारोप

अध्यक्षाने शेवटी चार सूचना करायच्या असतात. त्या करतो.

पहिली, घरात ती पहिल्या पंगतीला जेवेल. वाढणे ज्याचे त्याने. आमच्याकडे हे २०१७ पासून चालू आहे. सुरुवातीचे सहा महिने ती ताटावरून उठत होती, आता उठत नाही. पाहुणे आले की नियम मोडतो, हे वरच्या कथेवरून तुम्ही ओळखलेच असेल. तो यापुढे पाहुण्यांसमोरही पाळायचा आहे.

दुसरी, वर्षातून एकदा तिचे रक्त, रक्तदाब, साखर आणि डोळे तपासले जातील. तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तिला ‘जाऊन ये’ म्हणू नका, बरोबर जा.

तिसरी, दिवसातला एक तास तिचा असेल. त्यात ती पोथी वाचेल, भजनाला जाईल, झोपेल किंवा नुसती खिडकीत बसेल. काय केलेस म्हणून हिशेब मागायचा नाही.

चौथी सूचना आम्हा पुरुषांच्या बोलण्याविषयी. ‘मी बायकोला घरकामात मदत करतो’ हे वाक्य टाकून द्या. आपल्याच घरात आपण मदतनीस कसे? सासवांनाही नम्र विनंती, की ‘आमच्या वेळी’ हे शब्द सुनेपुढे उच्चारताना आपल्या वेळी आपल्याला काय हवे होते ते आठवावे.

शाळेच्या अर्जातला तो रकाना मी बदलू शकत नाही. तो वरून ठरतो. पण गेल्या जूनपासून ‘काही नाही’ लिहिलेला अर्ज मी परत करतो आणि मुलाला सांगतो, “आई काय काय करते ते विचारून ये आणि लिही.” रकाना पुरत नाही. मुले मागच्या बाजूला लिहितात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. नरकचतुर्दशीला पहाटे ती सर्वांच्या आधी उठेल, बंब पेटवेल, तेल कोमट करील, उटणे कालवील. मुलांना तेल लावील, पाडव्याला तुम्हालाही लावील. सूर्योदयापूर्वी न्हाणार नाही तो नरकात जाईल, अशी आपली जुनी समजूत आहे. घरातल्या सर्वांना त्या नरकातून सोडवून ती स्वतः न्हायला जाते तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि बंबातले पाणी निवालेले असते. हा दिवाळी अंक तर ती मार्गशीर्षात वाचते.

या वर्षी एक करा. त्या पहाटे तिच्या आधी उठा. बंब तुम्ही पेटवा, आणि पहिले गरम पाणी तिच्यासाठी काढा. तेल लावायला तिची लेक असेल, सून असेल, कोणी नसेल तर तुम्ही आहात. फराळाचे ताटही तिच्या हातात तुम्हीच द्या आणि ती खाईपर्यंत तिथे बसा.

त्या कानडी चालकाने दाराशी थांबून जे विचारले ते मला आठ वर्षांपूर्वी, निदान गेल्या नवरात्रात तरी, विचारता आले असते. मराठीतही तो प्रश्न तेवढाच सोपा आहे.